पानाभोवतीचं स्वच्छ वर्तुळ

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसला आहात. बाहेर समुद्रावरून आलेला वारा छपराला धडका देतोय. गावचं सभागृह इतकं भरलंय, की खिडक्यांच्या काचांवर लोकांच्या श्वासाचं पाणी ओघळतंय. ओल्या लोकरीचा वास, चहाचा वास, कोपऱ्यातल्या शेगडीत जळणाऱ्या दलदलीच्या मातीच्या विटांचा वास. आणि पुढे टेबलापाशी एक माणूस काचेची चपटी बशी उचलून तिच्यामागे मेणबत्ती धरतो.

"बघा," तो हळूच म्हणतो. "जंतू मेले. पानानं मारले."

बशीतल्या जेलीवर दुधाच्या सायीसारखा पांढरट थर आला होता. मधोमध एक लांबट हिरवं पान होतं, आणि पानाभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ. आमचं किलकोरन गाव आजवर कुठल्याच गोष्टीवर एकमतानं बोललेलं नाही. त्या रविवारी मात्र ते एकमतानं गप्प झालं.

त्या माणसाचं नाव मॅलकी टूही. आवाज मऊ, केस रुपेरी.

"मी कोण? मी कोणीच नाही!" तो म्हणायचा. "माझे आजोबा सातवा मुलगा, त्यांचे वडील सातवा मुलगा. मी नुसती पन्हळ. पाणी वरचं, पन्हळ माझी!"

"पन्हळीचा कोट मात्र नवा आहे," माझ्या पुढची एक म्हातारी पुटपुटली. पण टाळ्या तिनंही वाजवल्या.

आमच्या भागात 'उतारा', म्हणजे एखादा आजार बरा करायचा वारसा, असलेली माणसं असतात; सातव्या मुलाकडे तो हमखास असतो असं मानतात. कुणाकडे चामखिळीचा, कुणाकडे गजकर्णाचा, कुणाकडे भाजल्याचा. पथ्य असं, की उतारा देणाऱ्यानं पैसे घ्यायचे नाहीत आणि घेणाऱ्यानं 'आभारी आहे' म्हणायचं नाही. म्हटलं की गुण गेला. माझ्या लहानपणी ब्रीजी नावाच्या म्हातारीकडे भाजल्याचा उतारा होता. मोठं भाजलेलं पोर आणलं, की तीच ओरडायची, "माझ्या दारात काय उभे राहिलात? डॉक्टर गाठा!"

मॅलकीनं हे पथ्य बरोबर हेरलं आणि त्याला स्वतःची एक शेपटी जोडली. "आभार नकोत, तसे प्रश्नही नकोत. प्रश्न म्हणजे संशय. संशय आला की उतारा मोडला!" मलम तो फुकट द्यायचा. बरणीचे पैसे तेवढे पडायचे, कारण "काच काही माझ्या आजोबांनी ठेवलेली नाही!" लोक हसायचे आणि बरणी घ्यायचे. जो माणूस आभारसुद्धा घेत नाही तो लबाड कसा असेल, असा आमच्या गावाचा हिशेब.

त्याचं पान होतं स्लॉनलुसचं. बांधावर, वाटेवर, थडग्यांच्या कडेला कुठेही उगवतं. इसबगोलाचं चुलत भावंड म्हणा. पूर्वी गवत कापताना विळा लागला, की हे पान चावून जखमेवर बांधत.

"या पानाच्या पोटात बुरशी राहते!" मॅलकी सांगायचा. "जिवंत! पानाला न दुखवता, भाडेकरूसारखी. आणि भाडं काय देते? जंतू मारून देते! विद्यापीठवाल्यांना हे आत्ता कळलंय. माझ्या पणजीला विचारलं असतं, तर तिनं चहा ढवळता ढवळता सांगितलं असतं."

आता गंमत अशी, की यातलं निम्मं खरं होतं. झाडापानांच्या आत खरोखरच बुरशी राहते. औषधी झाडांतल्या अशा काही बुरशी जंतूंची वाढ रोखणारी द्रव्यं बनवतात, आणि शास्त्रज्ञ त्यांचा मोठ्या आशेनं शोध घेत आहेत. दुधात पाणी घालणाऱ्यालाही आधी थोडं दूध आणावंच लागतं.

मॅलकीचा खेळ शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा. समुद्रशेवाळाची जेली (आमच्याकडे तिची खीर करतात) मांसाच्या रश्शात शिजवून बशीत थापलेली असायची. पुढच्या रांगेतल्या लोकांचे हात एका कपभर पाण्यात बुडवून ते पाणी जेलीवर फासायचं आणि वर धुतलेलं पान ठेवायचं. मग बशी दुकानवाल्या मिसेस गेरटींच्या हवाली. त्यांच्या घरी गरम पाण्याच्या टाकीशेजारी चादरी वाळवायचं उबदार कपाट आहे. त्यात रात्रभर बशी कुलूपबंद, आणि रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उघडायची.

"किल्ली माझ्या उशीखाली होती," मिसेस गेरटी छातीवर हात ठेवून सांगत. त्या खरंच सांगत होत्या. बशीला रात्री कुणी हात लावला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात फिंटन हॅरटीच्या पायाला जखम झाली.

फिंटन मेंढ्या पाळतो. ओढ्याकाठच्या चिखलात रुतलेली मेंढी ओढताना गंजकी तार त्याच्या पोटरीत घुसली. डॉक्टरनं जखम धुतली, सुई दिली, गोळ्या दिल्या आणि एकही चुकवू नकोस म्हणून बजावलं. फिंटनची आई इस्पितळात गेली ती परत आली नव्हती. तेव्हापासून डॉक्टरी औषध तो तोंड वाकडं करूनच घ्यायचा. शनिवारी संध्याकाळी तो लंगडत सभागृहात आला. सोबत बायको नोरीन आणि अकरा वर्षांची मुलगी डर्व्हला.

मॅलकीनं त्याला सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलं. "गोळ्या घेतोयस का रे?"

"घेतोय."

"मग माझ्या मलमाला दोष देऊ नकोस हं! त्या गोळ्या जिवंत आहे ते सगळं मारतात. पानातली बुरशीसुद्धा. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील?" त्यानं कापसाचा बोळा फिंटनच्या जखमेवरून फिरवला आणि जेलीवर फासला. "हे तुझेच जंतू. उद्या बघ पान त्यांचं काय करतं ते. वर्तुळ उमटलं तर गोळ्या शेगडीत. पण आज रात्री गोळी नको. पानाला मैदान मोकळं दे. कबूल?"

सगळं गाव फिंटनकडे बघत होतं. "कबूल," तो म्हणाला.

"आता पान ठेवायला निष्पाप हात हवेत. ये गं पोरी!"

डर्व्हला पुढे गेली. निवृत्त झालो तरी दर बुधवारी शाळेत जाऊन मी मुलांकडून छोटे प्रयोग करून घेतो, त्यात ती सगळ्यांत चिवट. पण आज समोरच्या बशीत तिच्या बापाचा पाय होता. मॅलकीनं तिच्या हातात चिमटा दिला आणि निळ्या बाटलीतलं पाणी वाटीत ओतलं. पुदिन्याचा वास सभागृहभर पसरला.

"संत क्रोनच्या विहिरीचं पाणी," तो म्हणाला. "बाहेरची घाण धुऊन टाकायची, म्हणजे जे आत आहे तेच बोलेल."

मी उठून उभा राहिलो. "मॅलकी, त्यानंतर पान साध्या उकळलेल्या पाण्यात खळबळता का? आणि ते शेवटचं पाणी एकटंच बशीत टाकून पाहिलंय कधी?"

"मास्तर, बसा हो खाली!" चारी बाजूंनी आवाज आले. "उतारा मोडाल!"

"मास्तरांना परीक्षा घ्यायची सवय," मॅलकी हसला. "कुणीतरी सांगा त्यांना, ते निवृत्त झालेत!"

हशा पिकला. त्या गोंगाटात डर्व्हलानं पान वाटीत बुडवलं आणि उचललं. तिचं लक्ष बापाच्या पायाकडे होतं. दोन-तीन थेंब बशीच्या कडेला जेलीवर पडले, काही तिच्या बाहीवर.

"असू दे, असू दे! पवित्र पाणी आहे." मॅलकीनं घाईनं बशीवर झाकण ठेवलं.

सभागृहातून निघाल्यावर मी फिंटनच्या घरी गेलो. त्यानं पाय स्टुलावर ठेवला होता. जखमेवर मॅलकीचं हिरवं मलम, आणि मलमाबाहेर तापलेली लालबुंद कातडी. डर्व्हलानं पेन घेऊन त्या लालीच्या कडेनं रेघ ओढली.

"काय करतेस गं?"

"लाली कुठवर आहे ते सकाळी कळायला हवं ना, डॅडी."

"घे ना रे गोळी," नोरीन म्हणाली. "मॅलकीला काय कळणार आहे?"

"मी शब्द दिलाय. अख्ख्या गावासमोर." मग तो माझ्याकडे वळला. "मास्तर, उद्या वर्तुळ दिसलं नाही, तर तुमच्या डोळ्यांदेखत गोळी गिळतो. दिसलं, तर पाकीट शेगडीत. मग मला कुणी काही बोलायचं नाही."

मी पुष्कळ समजावलं. तो हाडाचा हट्टी. डर्व्हला मला दारापर्यंत सोडायला आली.

"मास्तर, गोळ्यांनी बुरशी मरते?"

"जंतू मारणारी पहिली गोळी कशापासून सापडली, ते मागे बोललो होतो आपण."

"बुरशीपासून." ती थबकली. "मग ती गोळी बुरशीलाच कशी मारेल? मग तो असं का म्हणाला?"

"तूच विचार कर."

रविवारी सकाळी लाली पेनाच्या रेघेबाहेर गेली होती. तिच्यातून एक बारीक तांबडी रेषा निघून गुडघ्याच्याही वर चढली होती. फिंटनचे दात वाजत होते. नोरीननं डॉक्टरला बोलवायला फोन उचलला, तर यानं कोट अंगात चढवला. "आधी बशी," म्हणाला.

सभागृहाच्या दारात डर्व्हलानं माझा हात धरून मला बाजूला ओढलं. अंगात शाळेचा गडद निळा स्वेटर. तिनं बाही पुढे केली. बाहीवर नारिंगी ठिपके होते.

"धुतले तरी जात नाहीत. मॅमी म्हणते, ब्लीच सांडलंस. पण मास्तर, मी फक्त विहिरीचं पाणी सांडलं."

"मग काय म्हणायचंय तुला?"

"आधी बशी बघते," ती म्हणाली. "बशीतपण सांडलं होतं."

ती पुढे निघाली. बशीत काय दिसेल ते मलाही ठाऊक नव्हतं. शेवटच्या रांगेत फिंटन नोरीनच्या खांद्यावर रेलून उभा होता, घामानं डबडबलेला.

मिसेस गेरटींनी फडक्यात गुंडाळलेली बशी आणली. मॅलकीनं झाकण काढलं, मेणबत्ती मागे धरली. पांढरट सायीच्या मधोमध पान, आणि पानाभोवती हे मोठं स्वच्छ वर्तुळ.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघ फिंटन! तुझेच जंतू!" मॅलकीनं हात पसरले. "शब्द पाळ, गड्या."

फिंटननं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. एकेक पाऊल ओढत तो शेगडीपाशी गेला. शेगडीचं दार उघडलं.

"डॅडी, थांब!"

"पोरी, प्रश्न नकोत," मॅलकी म्हणाला.

"प्रश्न नाही विचारत. दाखवते." तिनं बशीच्या कडेला बोट नेलं. "मिसेस गेरटी, चष्मा लावा ना. इथे बघा. आणि इथे."

मिसेस गेरटींनी चष्मा लावला. मेणबत्ती जवळ घेतली. "दोन लहान वर्तुळं आहेत," त्या म्हणाल्या. "पण इथे पान कुठाय?"

"नाहीच. इथे नुसते थेंब पडले होते. बाटलीतले."

मॅलकी गोड हसला. "बाळ, बुरशीचा श्वास असतो. तो दूरवर पोचतो."

"मग मधे साय जशीच्या तशी कशी? श्वास उडी मारून गेला?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. डर्व्हला हसली नाही. तिनं बाही मेणबत्तीपुढे धरली. "तेच थेंब इथे पडले. बुरशीच्या श्वासानं स्वेटरचा रंगपण खाल्ला का?"

नोरीन गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिनं बाही चिमटीत धरली. "ब्लीचचा डाग आहे हा. लग्न झाल्यापासून या घरचे कपडे धुतेय. मला कुणी शिकवू नये." मिसेस गेरटींनी निळी बाटली नाकाशी नेली, पुदिन्यातून नाक आणखी आत घातलं आणि झटकन मागे घेतलं. "अगं बाई! पोहण्याच्या तलावाचा वास!"

सगळ्या माना मॅलकीकडे वळल्या.

"विहिरीचं पाणी म्हणालास ना?" फिंटन शेगडीपाशीच उभा होता, पाकीट अजून हातात. "गावातलं प्रत्येक पोर त्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलंय. आईनं मला नाव ठेवायच्या दिवशी पाजलं होतं. घे मॅलकी, एक घोट घे."

मॅलकीनं बाटली हातात घेतली. लोकांकडे पाहिलं. बाटलीला बूच लावलं. शेवटी म्हणाला, "हे... हे पानासाठी आहे. माणसासाठी नाही."

"आणि माझा पाय?" फिंटननं विचारलं. "तो कुणासाठी होता?"

भलतं धाडस कुणी करू नये म्हणून मी बाटली काढून घेतली.

"पण पानात बुरशी असते!" मॅलकी ओरडला. आवाजातला मऊपणा गळून पडला होता. "विद्यापीठात जाऊन विचारा!"

"असते," मी म्हणालो. "आणि विद्यापीठातले लोकही पान आधी स्पिरिटमध्ये आणि ब्लीचमध्ये धुतात, बाहेरचं सगळं मरावं म्हणून. पण मग ते पान स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळतात आणि शेवटचं पाणी वेगळ्या बशीत टाकून बघतात. त्यात काही उगवत नाही ना? आणि त्या पाण्यानंच जंतू मरत नाहीत ना? मग कुठे ते पानाविषयी बोलतात. तू पान ब्लीचमध्ये बुडवलंस आणि ओलंच ठेवलंस. जंतू ब्लीचनं मारले. त्या जागी कोबीचं पान असतं तरी हेच वर्तुळ उमटलं असतं, आणि कागदाचा कपटा असता तरी."

माझं बोलणं चाललं होतं, पण डर्व्हला तिथे नव्हती. ती चहाच्या टेबलावरून पाण्याचा पेला घेऊन आली. बापाच्या मुठीतून पाकीट सोडवलं आणि एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"डॅडी, यानं बुरशी मरत नाही. पहिली गोळी बुरशीनंच दिली होती. गिळ ना. प्लीज."

फिंटनला पेला धरवत नव्हता. तिनंच त्याच्या ओठांना लावला. त्यानं गोळी गिळली आणि तो शेगडीशेजारच्या बाकावर मटकन बसला. मिसेस गेरटींनी दुकानाची गाडी दाराशी आणली. चौघांनी त्याला उचलून आत घातलं.

इस्पितळात त्याला शिरेतून औषध द्यावं लागलं. "आणखी उशीर झाला असता तर जंतू रक्तात पसरले असते," तिथली डॉक्टरीण नोरीनला म्हणाली. बरेच दिवस त्याला तिथेच ठेवलं. फिंटन घरी आला. पोटरीवर वेडावाकडा व्रण आहे, पण तो स्वतःच्या पायांनी मेंढ्यांमागे जातो. त्या गडबडीत मॅलकी मागच्या दारानं सटकला तो पुन्हा दिसला नाही. बरण्या तेवढ्या टेबलावर राहिल्या. गावात काही जण अजून म्हणतात, त्या मलमानं आमची कापलेली बोटं बरी झाली होती. झाली असतील. बोटावरची लहानशी चीर मलम न लावताही भरून येते. हे कळण्यासाठी एका बोटाला मलम लावावं आणि दुसऱ्याला लावू नये. ते आमच्यापैकी कुणीच केलं नव्हतं.

मुलांनो, मी पानांवर रागावलेलो नाही. उद्याचं एखादं औषध एखाद्या पानातल्या बुरशीत दडलेलं असेलही. पण बशीत जंतू मरणं आणि माणसाच्या पायात मरणं यांच्यामध्ये फार लांबचा रस्ता आहे. तो खूप माणसं मिळून, खूप वर्षं, तपासत तपासत चालतात. तोवर डॉक्टरनं दिलेली गोळी कुणाच्या शब्दाखातर बंद करू नका. आणि कुणी तुम्हांला 'प्रश्न विचारू नका' म्हणालं, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर खरं असेल तर प्रश्नानं त्याचं काही बिघडत नाही.

फिंटन घरी आला त्यानंतरच्या बुधवारी डर्व्हला कागदी पिशवीत स्लॉनलुसची पानं घेऊन शाळेत आली. स्पिरिट आणि ब्लीच मी ओतलं. पानं तिनं उकळून गार केलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळली. मग पानाचा तुकडा कापून एका बशीत ठेवला. दुसऱ्या बशीत शेवटच्या पाण्याचे थेंब टाकले. तिसरी तशीच रिकामी झाकली. काही दिवसांनी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून कापसासारखी पांढरीशुभ्र बुरशी बाहेर आली. पाण्याची बशी स्वच्छ, रिकामीही स्वच्छ. म्हणजे बुरशी खरोखर पानाच्या आतलीच होती. मग आम्ही ती बुरशी दह्यातल्या निरुपद्रवी जंतूंशेजारी ठेवून पाहिली. वर्तुळ उमटलं नाही. बुरशीला चिकटून साय तशीच दाट वाढली होती.

पोर हिरमुसेल, म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो. ती बशी उजेडात धरून तिरकी करून बघत होती.

"मास्तर, हे शाळेमागच्या बांधावरचं पान होतं. ओढ्याकाठच्या पानात वेगळी बुरशी असेल ना?"

"असेल. नसेलही."

तिनं बशी खाली ठेवली, बूट चढवले आणि ओढ्याकडे निघाली.